एका शब्दाचा कुलवृत्तान्त

मेंढीच्या अंगावरील लोंकर कातरण्यास इंग्रजी भाषेंत 'शिअर' असा एक शब्द आहे. शब्द लहान, व्यवहारांतला, आणि आमच्यासारख्या इंग्रजी शिकविणाऱ्या माणसास तर इतका परिचित कीं, त्याच्याकडे पुन्हां वळून पाहावें असें सहसा वाटूं नये. परंतु माणसांप्रमाणें शब्दांचेंहि असें असतें कीं, ज्यांच्याशीं आपला नित्याचा घरोबा, त्यांच्याच कुळाविषयीं आपणांस पुष्कळदां सर्वांत कमी माहिती असते. या शब्दाच्या बाबतींत आमचें केवळ अज्ञान असतें तर तें क्षम्य होतें. पण तो एक प्रमाद होता, आणि तो आम्हीं कित्येक वर्षें ज्ञान म्हणून विद्यार्थ्यांच्या पदरांत घातला. त्या प्रमादाची कबुली द्यावी आणि त्या निमित्तानें या शब्दाचें खरें कुलवृत्त वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आम्ही बीड जिल्ह्यांत, अंबाजोगाईस, राहतों व शिकवितों. शेक्सपिअरच्या 'विंटर्स टेल' नाटकाच्या चौथ्या अंकांत लोंकर कातरण्याच्या उत्सवाचा एक मोठा मनोहर प्रवेश आहे. तो शिकवितांना आम्ही फळ्यावर 'शिअर' हा शब्द लिहीत असूं, आणि त्याच्या शेजारीं संस्कृतांतील 'शॄ' हा धातु. 'शॄ' म्हणजे मोडणें, तोडणें. 'शीर्ण', 'विशीर्ण' हे शब्द त्याचेच. ध्वनि जुळतो, अर्थहि थोडा ओढून घेतला म्हणजे जुळतो. मग इंग्रजी ही संस्कृतची दूरची बहीण आहे हें सांगण्यास याहून सोयीचें उदाहरण कोणतें? विद्यार्थी तें निमूटपणें उतरून घेत, आणि परीक्षेंत आमचें आम्हांस परत करीत.

एका वर्षीं मात्र मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला. तो पाटोदें तालुक्यांतील एका धनगर घराण्यांतला होता. तो म्हणाला, "सर, आमच्यात ह्याला कातरणं म्हणतात. कातर आणि शिअर ह्यांचं काही नातं असेल का?" वर्ग हंसला. खरें सांगावयाचें तर आम्हींहि थोडेंसें हंसून घेतलें. कारण 'कातर' आणि 'शिअर' या दोन शब्दांत शेवटचा रकार सोडला तर कानाला सारखें वाटेल असें कांहीं नाहीं. पण घरीं आल्यावर तो प्रश्न मनांतून जाईना. रात्रीं कोश काढून बसलों, आणि उत्तररात्रीं आमच्या ध्यानांत आलें कीं, वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलेलें नातें खोटें होतें, आणि ज्या नात्यास आम्ही हंसलों होतों तेंच खरें होतें.

हें कसें, तें सांगतों. अगदीं जुन्या इंग्रजींत या क्रियापदाचें रूप 'स्केरन' असें होतें. त्या भाषेंत जेथें जेथें 'स्क' होता, तेथें तेथें तो पुढें मऊ होत होत 'श' झाला. म्हणजे 'शिअर' मधील 'श' हा मूळचा नव्हेच. तो मागाहून अंगावर चढलेला आहे. आतां संस्कृतांतील 'श' कडे पाहावें. त्याचें इंग्रजींतील प्रतिरूप 'श' नसून 'ह' असतें. आमचें 'शत' तें त्यांचें 'हंड्रेड'. आमचा 'श्वन्', म्हणजे कुत्रा, तो त्यांचा 'हाउंड'. तेव्हां 'शॄ' धातूचा इंग्रजींत कोणी सगोत्र असलाच तर तो 'ह' नें आरंभ होणारा असला पाहिजे. 'शिअर' आणि 'शॄ' यांचें साम्य हें दोन अनोळखी माणसांनीं योगायोगानें एकाच रंगाची पगडी घालावी तशांतलें आहे.

सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळापासून निघाल्या असाव्यात असें प्रतिपादन केलें, आणि पुढें १८२२ सालीं याकोब ग्रिम यानें जर्मानिक भाषांतील वर्ण कोणत्या नियमानें बदलले तें दाखवून दिलें. तेव्हांपासून या शास्त्राचा पहिला धडा हाच आहे कीं, आजचा ध्वनि सारखा दिसला तर हुरळून जाऊं नये. उलट अधिक सावध व्हावें. खरे नातेवाईक हजारों वर्षांच्या प्रवासांत इतके बदललेले असतात कीं, तोंडावळ्यावरून ते ओळखूं येत नाहींत. नियमावरून ओळखावे लागतात.

त्या नियमानें पाहतां 'स्केरन' च्या मुळाशीं 'स्कर्' अशा स्वरूपाचा, कापणें या अर्थाचा, एक अतिप्राचीन धातु सांपडतो. या कुळांतील आरंभींच्या सकाराची एक गंमत आहे: तो कांहीं भाषांत टिकतो, कांहींत गळतो. असा गळणारा सकार आमच्या संस्कृतांतहि पाहावयास मिळतो. 'पश्यति' म्हणजे पाहतो, आणि 'स्पश' म्हणजे हेर; धातु एकच, पण एका ठिकाणीं सकार आहे, दुसऱ्या ठिकाणीं नाहीं. इंग्रजी 'स्पाय' हा याच 'स्पशा'चा भाऊबंद. त्याचप्रमाणें 'स्कर्' मधील सकार गळून ग्रीकांत 'केइरो', म्हणजे मी कातरतों, हें रूप झालें. लॅटिनांत 'कुर्तुस्', म्हणजे कापून आंखूड केलेला, हें विशेषण झालें. आणि संस्कृतांत, शेवटीं एक तकार जोडला जाऊन, 'कृत्' हा धातु झाला. 'कृन्तति' म्हणजे कापतो. ज्यानें कापावयाचें ती 'कर्तरी'. प्राकृतांत 'कर्तरी' ची 'कत्तरी' झाली, आणि मराठींत जोडाक्षर सुटून मागचा स्वर दीर्घ झाला. जसा 'कर्णा'चा 'कान', 'कर्मा'चें 'काम', 'सर्पा'चा 'साप', तशी 'कर्तरी' ची 'कातर'. अशा रीतीनें पाटोद्याच्या धनगराची कातर आणि इंग्लंडांतील मेंढपाळाचें 'शिअर' हीं एकाच मूळ पुरुषाचीं लेकरें ठरतात.

येथवर आल्यावर वाचकांस वाटेल कीं, हें सारें पंडितांच्या उपयोगाचें. आपल्या घराशीं याचा काय संबंध? तर या कुळांतील किती मंडळी आपल्या घरांत बिनदिक्कत वावरत आहेत तें पाहावें. 'शर्ट' हा शब्द घ्या. जुन्या इंग्रजींतील 'स्क्युर्ते', म्हणजे आंखूड कापलेलें वस्त्र, त्याचें हें आजचें रूप. तोच शब्द उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेंत 'स्क्युर्ता' असा होता. त्या लोकांनीं 'स्क' चा 'श' केला नाहीं. त्यांनीं इंग्लंडांत वसाहती केल्या तेव्हां त्यांचा शब्द तसाच्या तसा इंग्रजींत शिरला, आणि त्याचा 'स्कर्ट' झाला. एकाच कापडाचे जणूं दोन तुकडे झाले, आणि पुढें एक पुरुषांच्या अंगावर गेला व दुसरा स्त्रियांच्या कमरेस बसला. 'शॉर्ट', म्हणजे आंखूड, हाहि मूळचा 'कापलेला' च. 'शेअर', म्हणजे वांटा, हा तर उघडच कापून वेगळा काढलेला भाग. नांगराच्या फाळासहि इंग्रजींत हाच शब्द आहे, कारण तो जमीन कापतो. सकाळीं शर्ट अंगांत घालून वर्तमानपत्रांतील शेअरचे भाव पाहणाऱ्या गृहस्थास आपण लोंकर कातरणाऱ्याच्या घराण्यांतील दोन माणसांशीं एकाच वेळीं व्यवहार करीत आहों याची कल्पना नसते.

या सर्वांत आम्हांस विशेष मौजेचा वाटतो तो 'स्कोअर' हा शब्द. आज लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वजण क्रिकेटचा स्कोअर विचारतात. पण मुळांत 'स्कोअर' म्हणजे काठीवर कापून केलेली खांच. इंग्रजींत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो म्हणजे वीस. खांचेचा आणि विसाचा संबंध कसा आला? कोशकारांचें म्हणणें असें कीं, मेंढपाळ कळप मोजतांना एकापासून विसापर्यंत मोजीत, आणि वीस झाले कीं काठीवर एक खांच करून पुन्हां एकापासून आरंभ करीत. म्हणून खांच म्हणजे वीस. पुढें पिठ्यांतील उधारी अशा खांचांनीं मांडूं लागले, मग खेळांतील गुण, आणि अखेर ती खांच सचिन तेंडुलकरच्या धावांपर्यंत येऊन पोंचली.

हें वाचतांना आम्हांस आपल्या 'खंडी' ची आठवण झाली. वजनांत वीस मणांची खंडी. आणि मेंढरांच्या मोजणींतहि खंडी म्हणजे वीस. हा शब्द 'खण्ड्' या धातूपासून निघाला असें हॉब्सन-जॉब्सन या प्रसिद्ध कोशांत दिलें आहे. 'खण्ड्' म्हणजे तोडणें, तुकडा करणें. म्हणजे इंग्लंडांतील मेंढपाळानें कापण्याच्या एका धातूपासून विसाचा शब्द केला, आणि दख्खनमधील माणसानें तोडण्याच्या निराळ्याच धातूपासून विसाचाच शब्द केला. येथें शब्दांचें रक्ताचें नातें नाहीं. नातें आहे तें बुद्धीच्या वळणाचें. मोजणें म्हणजे एका अखंड वस्तूचे खंड पाडणें, हें दोघांनाहि आपापल्या ठिकाणीं सुचलें.

आतां आपल्या बाजूची मंडळी. 'कृत्' धातूपासून संस्कृतांत 'कृत्ति' असा एक शब्द आहे. कृत्ति म्हणजे कापून काढलेलें चामडें. गजचर्म पांघरणाऱ्या शंकरास 'कृत्तिवास' म्हणतात, आणि आमच्या जिल्ह्यांत परळीस वैजनाथाचें प्राचीन देवस्थान आहे, तेव्हां हें नांव आम्हांस परकें नाहीं. या 'कृत्ति' पासून मराठींत 'कात' आणि 'कातडें' हे शब्द आले. साप कात टाकतो ती हीच. म्हणजे 'कातडें' आणि 'शर्ट' हीं एकाच घरचीं. एक देवानें दिलेलें वस्त्र, दुसरें शिंप्यानें दिलेलें.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे, नाहींतर आमच्या जुन्याच प्रमादाची पुनरावृत्ति व्हावयाची. लोंकर कातरल्यावर ती कातावी लागते. 'कातरणें' आणि 'कातणें' हे शब्द इतके जवळचे आहेत कीं, ते एकाच मूळाचे असावेत असें कोणासहि वाटेल. परंतु पाणिनीय धातुपाठांत 'कृत्' असे दोन निरनिराळे धातु दिले आहेत. एकाचा अर्थ छेदन आणि दुसऱ्याचा वेष्टन. पहिल्यापासून 'कातरणें', दुसऱ्यापासून 'कातणें'. वेष्टन म्हणजे गुंडाळणें, पीळ देणें. सूत कातणें तेंच. एक धातु तोडतो, दुसरा जोडतो. आणि दोघेहि मराठींत येतांना झिजून झिजून शेजारीं येऊन बसले. लोंकरीच्या धंद्यांत हा शेजार मोठा सार्थ झाला आहे खरा, पण शेजार म्हणजे सोयरीक नव्हे.

ज्या पदार्थावर ही कातर चालते, त्याचीं नांवेंहि याच प्राचीन कुळांतलीं आहेत. संस्कृत 'ऊर्णा', लॅटिन 'लाना' आणि इंग्रजी 'वूल' हीं तिन्ही एका शब्दाचीं रूपें होत. मेंढीस संस्कृतांत 'अवि' म्हणतात, लॅटिनांत 'ओविस्', इंग्रजींत मेंढीच्या मादीस 'यू' असें नांव आहे, तेंहि याच घराण्यांतलें. मराठीनें 'अवि' सोडून 'मेंढी' घेतली. पण राजस्थानांत मालपुऱ्याजवळ १९६२ सालीं मेंढ्या व लोंकर यांच्या संशोधनाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, तेव्हां त्या ठिकाणास 'अविकानगर' असें नांव देऊन त्या विसरलेल्या शब्दाचें पुनरुज्जीवन करण्यांत आलें.

शब्दाकडून आतां क्रियेकडे वळूं. लोंकर कातरणें ही क्रिया आपणांस अनादि वाटते, पण तशी ती नाहीं. अगदीं आरंभींच्या मेंढ्यांची लोंकर वर्षांतून एकदां आपोआप गळत असे, आणि माणसें ती हातानें उपटून घेत. उत्तर समुद्रांतील कांहीं बेटांवरील जुन्या जातींच्या मेंढ्यांची लोंकर आजहि अशी उपटून निघते. रोमन पंडित व्हॅरो यानें इ. स. पूर्वी ३७ च्या सुमारास शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यांत तो सांगतो कीं, लोंकरीच्या कातड्यास लॅटिनांत जो शब्द आहे तो उपटणें या अर्थाच्या क्रियापदावरून आला, आणि त्यावरून पूर्वी लोंकर कातरीत नसून उपटीत असत हें सिद्ध होतें. शब्दावरून इतिहास काढण्याचा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रयत्न पाहून आम्हांस त्या वृद्ध रोमन गृहस्थाविषयीं आपुलकी वाटली. पुढें माणसानें न गळणाऱ्या लोंकरीच्या मेंढ्या निवडून निवडून वाढविल्या, आणि लोखंड हातीं आल्यावर तिला कापण्याचें हत्यार केलें. त्या दिवसापासून मेंढी माणसावांचून आपलें ओझें उतरवूं शकेनाशी झाली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

इंग्लंडचें वैभव तर कित्येक शतकें याच कातरीच्या धारेवर उभें होतें. तेथील वरिष्ठ सभेचा अध्यक्ष लोंकरीनें भरलेल्या लाल गादीवर बसतो, आणि ती प्रथा चौदाव्या शतकांतील तिसऱ्या एडवर्ड राजापासूनची मानली जाते. विणलेल्या लोंकरी कापडावरील लव कातरून तें गुळगुळीत करणें हा त्या देशांत एक स्वतंत्र धंदा होता. 'शर्मन' हें आडनांव मूळचें त्याच कारागिरांचें. कापडावर चालवावयाची त्यांची कातर फार मोठी व जड असे, आणि ती चालविणारा माणूस कसबी व मानी असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांच्या हातांचें काम करणारीं यंत्रें आलीं. १८१२ सालीं यॉर्कशायरमधील या कारागिरांनीं रात्रीं टोळ्या करून तीं यंत्रें फोडलीं. सरकारनें यंत्र फोडणें हा देहान्त शिक्षेचा गुन्हा ठरविला, आणि जानेवारी १८१३ मध्यें यॉर्क येथें सतरा माणसें फांसावर चढविण्यांत आलीं. ज्या शब्दापासून अंगावरचा शर्ट निघाला त्याच शब्दापासून फांसाचा दोरहि निघाला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

मेंढीची कातरणी मात्र आणखी बराच काळ हातानेंच चालली. ऑस्ट्रेलियांत १८८८ सालीं डनलॉप नांवाच्या मळ्यावर पहिल्यानेंच संबंध कळपाची कातरणी यंत्रानें झाली; आणि तरीहि १८९२ सालीं जॅकी हाउ नांवाच्या कातरकऱ्यानें साध्या हातकातरीनें एका दिवसांत ३२१ मेंढ्या कातरून दाखविल्या. तेथील कातरकऱ्यांनीं १८९१ सालीं केलेल्या मोठ्या संपाचा त्या देशांतील मजूरपक्षाच्या जन्माशीं निकट संबंध जोडतात. तात्पर्य, या लहानशा शब्दाच्या पोटांत राज्यांचे खजिने, कारागिरांचे प्राण आणि राजकीय पक्ष, असें सर्व कांहीं सांठलेलें आहे.

हा सर्व मजकूर जमल्यावर आम्ही समाधानानें लेख लिहावयास बसणार, इतक्यांत तोच विद्यार्थी एके दिवशीं घरीं येऊन म्हणाला, "सर, पुस्तकात पाहिलं, आता एकदा वाड्यावर चला." वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम, हेंहि आम्हांस त्यानेंच सांगितलें. आम्ही गेलों. मांजरा नदी ज्या डोंगरांत उगम पावते, त्या बालाघाटाच्या कुशींत, एका ओढ्याच्या कांठीं त्याचे आजोबा बसले होते. मेंढरें सकाळींच ओढ्यांत धुवून घेतलेलीं होतीं. एका मेंढीचे पाय बांधून तिला आडवी केली होती आणि म्हातारबाबांच्या हातांतील कातर पोटाकडून पाठीकडे इतकी हलकेपणानें चालली होती कीं, काळी लोंकर एखाद्या घडीसारखी उलगडत बाजूला पडत होती.

आम्हीं विचारलें, "बाबा, एका मेंढीची लोंकर किती निघते?"

"निघती पाव-अर्धा किलो. पर तिला इचारतंय कोण, सर? आता कातरायलाच पैसं द्यावं लागतेत, अन् लोकर जाती बांधावर."

हें खोटें नव्हे. आमच्या दख्खनी मेंढीची लोंकर काळी, भरड व थोडी. ऑस्ट्रेलियांतील मेरिनो मेंढी वर्षास चार-पांच किलो मऊ लोंकर देते. आमची मेंढी एका कातरणीस अर्ध्या किलोच्या वर क्वचितच जाते. दुष्काळांत तगणें आणि मैलोगणती चालणें हें तिचें खरें बळ. तिची भरड लोंकर एकाच वस्तूस उत्तम, आणि ती म्हणजे घोंगडी. लोंकर पिंजावयाची, चरख्यावर कातावयाची, ताण्यास चिंचोक्याची खळ द्यावयाची, आणि सनगरानें किंवा खुटेकरानें ती खड्ड्याच्या मागावर विणावयाची. कोंकराच्या पहिल्या कातरणीची लोंकर सर्वांत मऊ. तिला 'जावळ' म्हणतात, आणि जावळाची घोंगडी सर्वांत मोलाची. आपल्या लेकराच्या पहिल्या केसांस जो शब्द, तोच कोंकराच्या पहिल्या लोंकरीस. या एका शब्दांत धनगराचें आपल्या कळपाशीं असलेलें नातें जितकें दिसतें, तितकें दहा पानांच्या वर्णनांत दिसणार नाहीं.

पण घोंगडी आतां घेतो कोण? गिरणीचीं व कृत्रिम धाग्यांचीं ब्लँकेटें आलीं. पाश्चात्य देशांतील टाकाऊ लोंकरी कपडे पिंजून पानिपतास स्वस्त कांबळीं होऊं लागलीं, आणि तीं गांवोगांव पोंचलीं. मराठी माणसाच्या पराभवास आपण पानिपत म्हणतों. मराठी घोंगडीचें पानिपत खरोखरीच पानिपतावर झालें.

आम्हीं विचारलें, "लोंकरीस भावच नाहीं, तर मग कातरतां कशाला?"

म्हातारबाबांनीं हात थांबविला नाहीं. ते म्हणाले, "न कातरून कसं चालंल? जित्राबाचं अंग हाय. उन्हाळ्यात तापतंय, पावसाळ्यात वलं ऱ्हाऊन चिघळतंय, गोचीड होतेत. लोकर आपल्या कामाची नसली तरी मेंढराला ती वझंच की."

व्हॅरोची आणि प्राचीन मेंढ्यांची आम्हीं वर सांगितलेली गोष्ट येथें पुन्हां आमच्यापुढें उभी राहिली. माणसानें आपल्या सोयीसाठीं मेंढीच्या अंगावर न गळणारी लोंकर वाढविली. आज माणसाची गरज संपली, पण मेंढीचें ओझें संपलें नाहीं. व्यापार गेला आणि कर्तव्य तेवढें मागें राहिलें. आणि तें पार पाडणारा मनुष्य त्यासाठीं पदरचे पैसे खर्चीत आहे.

"मेंढरें किती आहेत?" आम्हीं विचारलें.

"दीड खंडी. पयले आठ खंड्या व्हती."

"म्हणजे तीस, सर," नातवानें आम्हांस समजावून सांगितलें.

त्या 'म्हणजे' मध्यें एक संबंध पिढी गेली. म्हातारबाबांचा मुलगा व सून ऊसतोडीस गेलीं होतीं. आमच्या जिल्ह्यांतून दरसाल लाखों माणसें मुकादमाकडून उचल घेऊन साखरकारखान्यांच्या फडावर जातात, आणि त्या व्यवहारांत नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरतात. कापणाऱ्या हत्याराचेंच नांव माणसांस मिळालें. इंग्लंडांतील मेंढपाळ काठीवर खांच पाडून मेंढ्या मोजी. येथें पूर्वी मेंढरें खंडीनें मोजलीं जात, आणि आज त्याच घरांतील माणसें कोयत्यानें मोजलीं जातात. भाषा मोजमापाच्या शब्दांत सहसा खोटें बोलत नाहीं. इंग्रजींत लोंकर काढून घेणें या अर्थाचें जें दुसरें क्रियापद आहे, त्याचा लाक्षणिक अर्थ लुबाडणें असा होतो. मराठींत 'मुंडणें' व 'भादरणें' हे शब्द त्याच अर्थानें चालतात. कातर कोणाच्या हातीं आणि लोंकर कोणाच्या अंगावरची, हा प्रश्न दोन्ही भाषांनीं फार पूर्वीच विचारून ठेवला आहे. कापण्याच्या ज्या धातूपासून कातर निघाली, त्याच धातूपासून 'शेअर', म्हणजे वांटा, हा शब्द निघाला. कातरणाऱ्याच्या वांट्यास काय आलें, हें मात्र कोणत्याहि कोशांत सांगितलेलें नसतें.

मोल्सवर्थनें आपला कोश १८३१ सालीं काढला आणि १८५७ सालीं वाढविला, तेव्हां आमचा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. तो त्या राज्यांतून १९४८ सालीं मोकळा झाला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशहि १९३२ ते १९३८ या काळांत, म्हणजे त्यापूर्वीच, पूर्ण झाला. या थोर कोशकारांचे आमच्यावर उपकार आहेत. परंतु ओढ्याच्या कांठीं त्या एका दुपारीं आम्हीं मेंढीच्या रंगाचे, कानांचे, चालीचे, लोंकरीच्या पोताचे आणि कातरीच्या हातांचे इतके शब्द ऐकले कीं, आमची वही अपुरी पडली. त्यांतील कित्येक आम्हीं साऱ्या आयुष्यांत ऐकले नव्हते. इंग्रजी 'शिअर'चा वंश इसवी सनापलीकडे नेऊन पोंचविणारे आम्ही, आपल्या घरापासून कांहीं कोसांवर जिवंत असलेल्या शब्दांविषयीं अगदींच निरक्षर निघालों.

वस्त्र आणि शब्द यांचा संबंध आमच्या गांवास नवा नाहीं. याच अंबाजोगाईंत दासोपंतांनीं (१५५१–१६१५) सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा पासोडीवर वेदान्ताचें विवरण लिहिलें. तीं अक्षरें वस्त्राच्या आधारानें टिकलीं. घोंगडीचें उलट आहे. वस्त्र चाललें आहे, आणि राहिलाच तर शब्दाच्या आधारानें तिचा कांहीं अंश राहील. लोंबकळत पडलेल्या कामास आपण 'भिजत घोंगडें' म्हणतों. ज्यांनीं घोंगडी कधीं अंगावर घेतली नाहीं, ती भिजली म्हणजे किती जड होते हें ज्यांस ठाऊक नाहीं, तेहि कचेऱ्यांतून व घरांतून हा वाक्प्रचार बिनचूक वापरतात. वस्तु गेल्यावर शब्द असा कांहीं काळ आंधळेपणानें चालत राहतो, आणि मग तोहि बसतो.

आम्ही आतां तो प्रवेश शिकवितांना फळ्यावर 'शॄ' लिहीत नाहीं. 'शिअर' लिहितों, त्याखालीं 'कर्तरी', त्याखालीं 'कातर'. आणि मागें एकदां हें नातें वर्गांतील एका मुलानें ओळखलें व आम्हीं ओळखलें नाहीं, हेंहि सांगतों. तो मुलगा सध्यां सुटीच्या दिवशीं आजोबांपाशीं बसून वाड्यावरचे शब्द एका वहींत उतरून घेत आहे. परवां त्यानें ती वही आम्हांस दाखविली. पहिल्या पानावर पहिला शब्द होता 'खंडी', आणि त्यापुढें त्यानें लिहिलें होतें: वीस मेंढरें.